पत्ता, नाव आणि सनद : परक्या कोडच्या जोडणीची पंचाहत्तर वर्षे

१/ कोणताही मोठा प्रोग्राम आज एकहाती लिहिलेला नसतो. तारीख दाखवणारा भाग एकाने लिहिलेला असतो, चित्र उलगडणारा दुसऱ्याने, मजकूर आकुंचित करणारा तिसऱ्याने. आणि या तिघांची एकमेकांशी ओळखही नसते. हे परके तुकडे एकत्र बांधून एक चालती यंत्रणा उभी करण्याच्या कामाला ‘लिंकिंग’, म्हणजे जोडणी, म्हणतात. संगणकाच्या इतिहासात या कामाला मानाचे पान क्वचितच मिळाले. परंतु १९४९ पासून आजच्या वेबअसेंब्लीपर्यंतचा त्याचा प्रवास तीन प्रश्नांनी घडला आहे : परका तुकडा ठेवायचा कुठे, त्याला हाक मारायची कशी, आणि त्याच्या हाती सोपवायचे काय? हा धागा त्या तीन प्रश्नांचा.

२/ पहिला प्रश्न जागेचा. ६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या ‘एडसॅक’ या संगणकाने आपला पहिला प्रोग्राम चालवला. त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींत माहिती साठवणारी त्याची मेमरी आरंभी अवघ्या ५१२ शब्दांची होती. प्रोग्राम कागदी फितीवर छिद्रे पाडून दिला जाई. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येकालाच लागतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून अशा तुकड्यांच्या, म्हणजे ‘सबरूटीन’च्या, फिती पोलादी कपाटात जपून ठेवण्यात येऊ लागल्या. हव्या त्या फितीची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यायची, ही प्रोग्रामच्या ग्रंथालयाची सुरुवात होय.

३/ मात्र त्यात एक मेख होती. प्रत्येक सूचनेत मेमरीतील घराचा क्रमांक लिहिलेला असे. शंभराव्या घरापासून ठेवण्यासाठी लिहिलेला तुकडा दोनशेव्या घरापासून ठेवला, की त्यातील सगळे पत्ते चुकत. डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधकाने १९४९ मध्येच यावर उपाय योजला. सूचनेच्या शेवटी एक संकेताक्षर लिहायचे. ते ‘थीटा’ असेल, तर फीत वाचली जात असतानाच त्या सूचनेतील पत्त्यात तुकड्याच्या आरंभस्थानाचा आकडा मिळवला जाई. हे काम करणारा प्रारंभिक प्रोग्राम जेमतेम ४१ सूचनांचा होता. तुकडा कुठेही ठेवा, तो आपले पत्ते सुधारून घेईल. या थीटाची आठवण ठेवावी. अर्ध्या शतकाहून अधिक काळाने तो पुन्हा भेटणार आहे.

४/ अटलांटिकच्या पलीकडे ग्रेस हॉपर याच त्रासाने गांजल्या होत्या. प्रोग्रामर आपल्या वह्यांतून सबरूटीन उतरवून घेत, पत्त्यांची बेरीज हाताने करीत आणि दोन्हींत चुका करीत. यंत्र बेरजेसाठीच बांधलेले असताना ती माणसाने का करावी? १९५१-५२ मध्ये युनिव्हॅक संगणकासाठी त्यांनी ‘ए-झिरो’ नावाचा प्रोग्राम तयार केला. चुंबकीय फितीवरील सबरूटीन क्रमांकाने शोधून, एकत्र करून, पत्ते सुधारून तो सलग प्रोग्राम सिद्ध करी. त्याला त्यांनी ‘कंपायलर’, म्हणजे संकलक, म्हटले. आजच्या परिभाषेत मात्र तो लिंकर ठरतो. पहिला कंपायलर म्हणून ज्याचा गौरव होतो, तो खरे तर जोडारी होता.

५/ दुसरा प्रश्न नावाचा. १९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये प्रोग्रामचे भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करून नंतर जोडण्याची सोय आली. अशा प्रत्येक भागासोबत दोन याद्या असाव्या लागतात : ‘माझ्याजवळ हे आहे’ आणि ‘मला हे हवे आहे’. लिंकर या याद्या समोरासमोर ठेवतो, नावाला नाव जुळवतो आणि रिकाम्या जागी पत्ता भरतो. साठच्या दशकात ही रीत सर्वत्र रुळली. तोवर जोडणी हे प्रोग्राम चालण्यापूर्वी उरकायचे काम होते.

६/ हा क्रम ‘मल्टिक्स’ने बदलला. एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने साठच्या दशकाच्या मध्यास हाती घेतलेल्या या प्रणालीत जोडणी प्रोग्राम चालू असतानाच होई. एखाद्या परक्या फंक्शनला पहिली हाक मारली, की प्रणाली क्षणभर थांबे, नावावरून तो तुकडा शोधी, पत्ता भरी आणि पुढे जाई. पुढच्या हाका थेट जात. रॉबर्ट डॅली आणि जॅक डेनिस यांनी १९६८ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एकच तुकडा मेमरीत एकदाच ठेवून अनेकांनी वापरायचा, ही आजच्या सामायिक लायब्ररींची कल्पना तिथे पूर्णत्वाने दिसते.

७/ तिसरा प्रश्नही मल्टिक्सच्याच अंगणात उभा राहिला. तिथला लिंकर प्रणालीच्या सर्वाधिक अधिकारांच्या गाभ्यात चालत असे. पण तो वाचत असे ती माहिती सामान्य वापरकर्त्याने तयार केलेली. ती कोणी मुद्दाम वाकडी रचली तर? १९७४ मध्ये फिलिप जॅन्सन यांनी एमआयटीत लिंकरला त्या सुरक्षित गाभ्याबाहेर काढता येते, हे आपल्या प्रबंधात मांडले. त्याआधी, १९६६ मध्ये, जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी ‘केपेबिलिटी’ ही संकल्पना मांडली होती. मराठी इतिहासाच्या वाचकाला तिच्यासाठी ओळखीचा शब्द आहे : सनद. हाती सनद असेल तेवढाच अधिकार. नुसते नाव ठाऊक असल्याने काहीही मिळत नाही.

८/ पुढची दोन दशके हा विचार बाजूला पडला. विंडोजने १९८५ पासूनच डीएलएल वापरल्या, सनओएस ४.० ने १९८८ मध्ये युनिक्सच्या जगात सामायिक लायब्ररी आणल्या. डिस्क आणि मेमरी महाग होती. दहा प्रोग्रामांनी एकच प्रत वापरणे हा मोठाच लाभ होता. परंतु त्या लाभाची एक अट होती. प्रोग्राममध्ये जोडलेली लायब्ररी त्याच मेमरीत राहते आणि त्याच्याच अधिकारांनी वावरते. आकुंचनाची एखादी छोटी लायब्ररी पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडली गेली, तर पासवर्डही तिच्या हाताशी येतो. तिने तो घेऊ नये, एवढाच भरवसा.

९/ नावांचीही गत तीच. प्रचलित युनिक्स-पद्धतीत सगळी नावे एकाच मैदानात उभी असतात. दोन लायब्ररींनी एकच नाव निर्यात केले, तर शोधात आधी सापडेल ती जिंकते, आणि बहुधा कोणालाही त्याची खबर नसते. विंडोजवर एका प्रोग्रामने आपल्यासोबत आणलेली डीएलएल दुसऱ्याची प्रत पुसून टाकी. या गोंधळाला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले. पत्ता सुटला होता, नावही बऱ्यापैकी सुटले होते. सनदेचा प्रश्न मात्र तसाच होता.

१०/ तो पुन्हा ऐरणीवर आला ब्राउझरमुळे. ब्राउझर दिवसभर अनोळखी लोकांचा कोड चालवतो. त्याला भरवसा परवडत नाही. २०१३ मध्ये मोझिलाने ‘एएसएम.जेएस’ आणले आणि सी भाषेतील कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालू शकतो हे दाखवले. जून २०१५ मध्ये वेबअसेंब्लीची घोषणा झाली, आणि २०१७ अखेर चारही प्रमुख ब्राउझरांत ती पोहोचली. ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. तिच्या वेगाची चर्चा पुष्कळ झाली. जोडणीच्या इतिहासात मात्र तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे.

११/ वेबअसेंब्लीचे मॉड्यूल जन्मतः निष्कांचन असते. त्याला फाइल उघडता येत नाही, घड्याळ पाहता येत नाही, पडद्यावर एक अक्षरही उमटवता येत नाही. जे हवे, ते आयातीच्या यादीत लिहावे लागते : फंक्शन, मेमरी, टेबल किंवा ग्लोबल चल. ही यादी मॉड्यूलच्या आतच असते आणि ते चालवण्यापूर्वी वाचता येते. यादीतील प्रत्येक गोष्ट त्याच्या हाती देतो तो यजमान, म्हणजे ब्राउझर किंवा ‘वाझमटाइम’सारखा स्वतंत्र रनटाइम. मागणी मॉड्यूलची, मंजुरी यजमानाची. १९६६ ची सनद अशा रीतीने लिंकरच्या कारभारात शिरली.

१२/ नावाची पद्धतही बदलली. प्रत्येक आयातीला दोन पदरी नाव असते : कोणत्या मॉड्यूलकडून, आणि कोणती वस्तू. शिवाय तिचा प्रकार लिहिलेला असतो. फंक्शन असेल तर त्याला कोणते आकडे द्यायचे आणि परत काय मिळणार, हे ठरलेले. एकही आयात अपुरी राहिली किंवा प्रकार जुळला नाही, तर मॉड्यूल उभेच राहत नाही. त्यातली एकही सूचना चालत नाही. वाझमटाइमचा लिंकर तर तेच दुहेरी नाव दुसऱ्यांदा नोंदवू पाहणाऱ्याला, आधी मुभा घेतलेली नसल्यास, तिथेच अडवतो. ‘आधी सापडला तो जिंकला’ हा न्याय इथे चालत नाही.

१३/ एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तीन मॉड्यूल आहेत. ‘भांडार’ मेमरी बाळगते आणि मागेल त्याला त्यात जागा देते. ‘अक्षर’ मजकुरातील शब्द मोजते; त्याला भांडाराची मेमरी लागते. ‘अहवाल’ हे मुख्य. त्याला भांडारही लागते, अक्षरही, आणि निकाल दाखवण्यासाठी यजमानाचे ‘छाप’ हे फंक्शन. यजमान प्रथम ‘छाप’ नोंदवतो. मग भांडार उभे करून त्याच्या निर्याती ‘भांडार’ या नावाखाली नोंदवतो. त्यानंतर अक्षर, सर्वांत शेवटी अहवाल. पाया, भिंत, छप्पर : ज्याच्यावर दुसरे अवलंबून, ते आधी. आणि ‘छाप’ फक्त अहवालाच्या यादीत आहे. अक्षराला ते मिळतच नाही; त्याला वाटले तरी पडद्यावर काही लिहिता येत नाही.

१४/ इथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. मॉड्यूल म्हणजे आराखडा. त्यावरून उभे राहते ते ‘इन्स्टन्स’, म्हणजे प्रत्यक्ष घर. एका आराखड्यावरून दोन घरे बांधता येतात आणि प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र असते. म्हणून अक्षर आणि अहवाल यांना एकाच भांडाराशी जोडायचे की दोन वेगळ्या भांडारांशी, हा निर्णय यजमानाचा. एकच दिले, तर एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याला वाचता येतो. दोन दिली, तर अहवालाने दिलेला पत्ता अक्षराच्या मेमरीत भलत्याच घराकडे बोट दाखवतो. अवलंबी मॉड्यूलांच्या जोडणीत चुकतो तो बहुधा हाच निर्णय.

१५/ आणि पाया व छप्पर एकमेकांवरच टेकले असतील तर? अक्षराला अहवालातील एखादे फंक्शन हवे, आणि अहवालाला अक्षरातील. आयाती उभारणीच्या क्षणीच पुरवाव्या लागत असल्याने असे चक्र थेट जोडता येत नाही. त्यावर टेबल हा उपाय आहे. यजमान रिकाम्या खणांचे एक टेबल करून दोघांनाही देतो. दोघे उभे राहिले, की खणांत फंक्शने ठेवली जातात. हाक मारताना खणाचा क्रमांक सांगायचा. खण रिकामा असेल किंवा फंक्शनचा प्रकार जुळत नसेल, तर अंमलबजावणी तिथेच थांबते. पहिल्या हाकेपर्यंत जोडणी लांबवण्याची मल्टिक्सची कल्पना इथे, पहारेकऱ्यासह, पुन्हा दिसते.

१६/ मग सगळे सुटले काय? नाही. आरंभीच्या वेबअसेंब्लीत मॉड्यूल एकमेकांना फक्त आकडे देऊ शकत : दोन लांबींचे पूर्णांक आणि दोन लांबींचे दशांश. ‘नमस्कार’ हा शब्द द्यायचा, तर तो मेमरीत कुठे आहे आणि किती लांब आहे, हे दोन आकडे द्यावे लागत. घेणाऱ्याला तो वाचायचा, तर मेमरी दोघांची एकच हवी. आणि मेमरी एक झाली, की एकाने दुसऱ्याचा मजकूर पुसणे शक्य झाले. मोठ्या कष्टाने बांधलेली भिंत एका शब्दासाठी पाडावी लागे.

१७/ याच ठिकाणी थीटा पुन्हा भेटतो. सी भाषेतील लायब्ररी वेबअसेंब्लीत चालत्या प्रोग्रामला जोडताना सगळ्यांची मेमरी एक ठेवली जाते. मग लायब्ररीची माहिती त्या मेमरीत कोणत्या घरापासून ठेवायची? उत्तर एका आयातीतून येते. ‘मेमरी बेस’ नावाचा आकडा यजमान पुरवतो आणि लायब्ररी आपल्या प्रत्येक पत्त्यात तो मिळवते. टेबलासाठी तसाच ‘टेबल बेस’. केंब्रिजच्या कागदी फितीवर व्हीलर यांनी जी बेरीज करविली, तीच ही बेरीज. फरक एवढाच, की इथे तो आकडा मॉड्यूलला मागून घ्यावा लागतो.

१८/ या पद्धतीला ‘सर्व सामायिक’ जोडणी म्हणतात. दुसरी वाट ‘काहीच सामायिक नाही’ अशी. २०१९ मध्ये ब्राउझरबाहेरील वापरासाठी ‘वाझी’ हा उपक्रम जाहीर झाला. त्याच वर्षी मोझिला, फास्टली, इंटेल आणि रेड हॅट यांनी बाइटकोड अलायन्सची स्थापना केली. ल्यूक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘कंपोनंट मॉडेल’मध्ये प्रत्येक कंपोनंटची मेमरी त्याच्यापाशीच राहते. शब्द, याद्या, नोंदी कशा द्यायच्या, हे आधी करारात लिहितात. सीमेवर यजमान त्यांची नक्कल करून पलीकडे पोहोचवतो. भिंत शाबूत राहते. किंमत पडते ती नकलेची. या मॉडेलवर आधारलेली वाझी ०.२ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९/ हा विचार कागदावरच राहिला नव्हता. डिसेंबर २०२१ च्या फायरफॉक्स ९५ मध्ये अक्षररचना करणारी ‘ग्राफाइट’, शुद्धलेखन तपासणारी ‘हन्स्पेल’ आणि ध्वनीच्या फाइल वाचणारी ‘ऑग’ या सी व सी++ मधील लायब्ररी वेबअसेंब्लीच्या भिंतीआड ठेवण्यात आल्या. त्या आधी वेबअसेंब्लीत आणि मग यंत्राच्या कोडमध्ये उतरवल्या गेल्या. राहिल्या त्या ब्राउझरच्याच प्रक्रियेत. पण बिघडल्या तरी त्यांचा हात आपल्या मेमरीपलीकडे पोहोचत नाही.

२०/ ही भिंत का हवी, ते २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या लिनक्स यंत्रावर एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. शोध घेता तो ‘एक्सझेड’ या आकुंचनाच्या लायब्ररीपाशी पोहोचला. एका टोपणनावाने वावरणाऱ्या सहभाग्याने दीर्घ काळ विश्वास कमावून तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली होती. ओपनएसएसएचला मुळात ही लायब्ररी लागतच नाही. काही लिनक्स वितरणांनी त्यात सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागोमाग ही आली होती. जोडणी सुरू असतानाच स्वतःचा कोड चालवण्याची जी मुभा लायब्ररीला असते, तिचा फायदा घेऊन तिने सही पडताळणाऱ्या फंक्शनचा पत्ता बदलला होता.

२१/ हा हल्ला तिन्ही प्रश्नांची एकत्रित परीक्षा होता. पत्ता : एका तुकड्याला दुसऱ्याच्या जोडणीचे पत्ते बदलता आले. नाव : पडताळणीच्या नावामागे भलतेच फंक्शन उभे राहिले. सनद : आकुंचनापुरत्या आणलेल्या तुकड्याला द्वारपालाचे सगळे अधिकार आपोआप मिळाले. वेबअसेंब्लीत कोड मेमरीत लिहिण्याजोगा नसतो, आणि एकदा मिळालेली आयात केलेली फंक्शने नंतर बदलता येत नाहीत. आकुंचनाच्या कंपोनंटच्या करारात बाइट घेणे आणि बाइट देणे एवढेच असते. तो खोटे बाइट परत देऊ शकतो; द्वारपालाच्या किल्ल्यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

२२/ तरीही अतिविश्वास नको. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले, की मॉड्यूलच्या स्वतःच्या मेमरीत जुन्या चुका जशाच्या तशा घडतात. काही जुने बचाव तर तिथे उपलब्धच नसतात. सर्व सामायिक जोडणी केली, की भिंतही राहत नाही. यजमानातच भगदाड असेल, तर सनदेला अर्थ उरत नाही. आणि ज्याला फाइल व जाळे दोन्ही वापरण्याची सनद बेफिकिरीने दिली, त्याच्यावर मग कोणतेही तंत्र पहारा ठेवत नाही. माणसाचा विश्वासघात लिंकर थांबवू शकत नाही; तो पसरतो किती, एवढे मात्र ठरवू शकतो.

२३/ व्हीलर यांच्या काळी सबरूटीन लिहिणारा त्याच इमारतीत भेटे. परक्या कोडची भीती तेव्हा नव्हती. म्हणून पत्ता हाच प्रश्न होता. लेखक दूर गेला तसे नाव महत्त्वाचे झाले; तो पूर्ण अनोळखी झाला तेव्हा सनद. वेबअसेंब्लीने तिसऱ्या प्रश्नाचे अंतिम उत्तर दिलेले नाही. तिने तो प्रश्न जोडणीच्या आधी, उघड यादीच्या रूपात समोर ठेवला, हे तिचे ऐतिहासिक काम. नव्या मॉड्यूलची जोडणी करणाऱ्याने प्रथम ती आयातीची यादी वाचावी. शब्द मोजणारा तुकडा जाळ्याची सनद मागत असेल, तर ‘का’ हे विचारण्याची वेळ तीच असते.

#इतिहास #संगणकाचाइतिहास #धागा